स्कॉचमध्ये बर्फ की पाणी : मुंबईच्या उकाड्यात मोजून पाहिलेल्या प्रयोगाच्या नोंदी

४ एप्रिल

दादरला आमच्या घरी अधूनमधून बसणाऱ्या मंडळींत स्कॉचमध्ये काय घालावे याबद्दल ठाम आणि परस्परविरोधी मते आहेत. मेहुणे ग्लास बर्फाने भरून घेतात, शेजारचे काका बर्फाबरोबर सोडाही मागतात, आणि वहिनींच्या मते चांगल्या स्कॉचला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. आम्ही चौघांनी असे ठरवले की मते बाजूला ठेवायची, ठरावीक तीन बाटल्यांतल्या व्हिस्कीत पाणी आणि बर्फ मोजून घालायचे, ग्लास झाकून चव घ्यायची आणि जे निघेल ते लिहून ठेवायचे. मुंबईत, उन्हाळ्यात, घरातल्या साधनांनी हेच करून पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी सविस्तर ठेवत आहे. चौघांचीही वये पंचविशीच्या पुढे आहेत आणि परमिट काढलेली आहेत. महाराष्ट्रात दोन्ही गोष्टी लागतात.

बाटल्या निवडताना ताकद आणि जातकुळी वेगवेगळी असावी एवढेच पाहिले. पहिली जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, म्हणजे माल्ट आणि ग्रेन व्हिस्कींचे किमान बारा वर्षे मुरलेले मिश्रण. भारतात मिळणाऱ्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. हा विचित्र वाटणारा आकडा जुन्या ब्रिटिश ‘प्रूफ’ मोजणीतून आला आहे, तिच्यातले ७५ अंश म्हणजे आजचे ४२.८ टक्के. दुसरी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची दहा वर्षांची आर्डबेग, ४६ टक्के, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुराची. तिसरी ॲबरलॉर अबुना, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरलेली आणि पिंपातून निघाली त्याच ताकदीने बाटलीत भरलेली. ती मेहुण्यांनी परदेशातून येताना विमानतळावरून आणली होती. तिच्यावरचा आकडा साठ टक्क्यांच्या जवळचा आहे, म्हणून हिशेबाला ६० धरला.

लेबले वाचता वाचताच वहिनींच्या आक्षेपाचा विचार झाला. स्कॉटलंडमध्ये नवी गाळलेली व्हिस्की पिंपात भरताना बहुधा ६३.५ टक्क्यांच्या आसपास असते. ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरल्यावर, बाटलीत भरण्याआधी, बहुतेक व्हिस्कींत पाणी घालूनच त्यांना चाळीस-त्रेचाळीस टक्क्यांवर आणले जाते. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार चाळीसच्या खाली जाता येत नाही, आणि पाणी व रंगासाठीचे साधे कॅरॅमल यांखेरीज दुसरे काही घालता येत नाही. म्हणजे काहीही न मिसळता घेतलेल्या ब्लॅक लेबलमध्येसुद्धा कारखान्यात घातलेले पाणी आहेच. आपण घालायचे की नाही, आणि घातले तर किती, एवढाच प्रश्न उरतो.

साधने : एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, सळईचा डिजिटल थर्मामीटर, केमिस्टकडून आणलेल्या बिनसुईच्या पाच आणि दहा मिलिलिटरच्या सिरिंजा, आणि तोंडाशी निमुळते होणारे ट्युलिपच्या आकाराचे चार ग्लास. पेग-मेजर या कामाला चालत नाही. त्यात तीस आणि साठच्याच खुणा असतात, आणि आम्हाला एकेक मिलिलिटर मोजायचे आहे. प्रत्येक नमुना पंधरा मिलिलिटरचा आणि एका बैठकीत माणशी चारच नमुने असे ठरले. यामुळे काम लांबेल हे दिसत होते, पण चौथ्या नमुन्यानंतर जीभ थकते आणि पाचव्याबद्दल कोणीही काहीही सांगते, म्हणून ही मर्यादा ठेवली.

५ एप्रिल

पहिली बैठक तिन्ही बाटल्या काहीही न घालता पाहण्याची होती. ती पूर्णपणे वाया गेली.

संध्याकाळचे सात वाजले होते, पंखा चालू होता, आणि कपाटातून काढलेल्या बाटलीतल्या व्हिस्कीचे तापमान थर्मामीटरवर ३१ अंश निघाले. ग्लास नाकाशी नेताच चौघांनाही आधी मद्यार्काची झोंबणारी वाफ जाणवली. ब्लॅक लेबलमध्ये मध आणि हलका धूर यांपलीकडे कोणालाही काही सांगता येईना. आर्डबेगचा धूर तेवढा ओळखू आला, आणि अबुनाने तर नाकात चटकाच बसला. वहिनींनी दोन वेळा ग्लास खाली ठेवून पुन्हा उचलला आणि शेवटी नुसती मान हलवली.

‘स्कॉच खोलीच्या तापमानालाच प्यावी’ हा सल्ला जिथून आला तिथली खोली पंधरा ते अठरा अंशांची असते. एप्रिलमधल्या दादरची खोली तिच्याहून तेरा ते सोळा अंशांनी गरम असते, आणि तापमान वाढले की मद्यार्काची वाफ झपाट्याने वाढते आणि तिच्याखाली बाकीचे सगळे वास दबतात. मेहुण्यांना आणि काकांना बर्फ का लागतो याचे निम्मे उत्तर इथेच मिळाले. स्कॉच कडक असते म्हणून त्यांना बर्फ लागतो असे नाही, इथे ती गरम असते म्हणून लागतो. तेव्हा बर्फ आणि पाणी यांची तुलना करण्याआधी व्हिस्की योग्य तापमानावर आणणे भाग आहे, नाहीतर बर्फाला थंडपणाचे श्रेय मिळत राहील आणि पाण्याचा परिणाम कळणारच नाही.

११ एप्रिल

थंड करण्याच्या पद्धतींवर एक सकाळ गेली. अख्खी बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर ती पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि मग वासच बंद होतो. खालच्या कप्प्यातून काढलेली ब्लॅक लेबल चौघांनाही पातळ, गोडी नसलेली आणि जवळजवळ बिनवासाची वाटली. एसी चोवीसवर लावून खोली थंड करायला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात बाटली जेमतेम दोन-तीन अंशांनी उतरते.

जे चालले ते असे. शंभर मिलिलिटरच्या स्वच्छ काचेच्या बाटल्यांत व्हिस्की काढून घट्ट बुचे लावली. एका पातेल्यात नळाचे पाणी आणि दोन मुठी बर्फ घालून ते पाणी पंधरा अंशांवर आणले आणि बाटल्या त्यात गळ्यापर्यंत उभ्या केल्या. अधूनमधून हलवत राहिल्यास साधारण दहा मिनिटांत आतली व्हिस्की अठरा ते वीस अंशांवर येते. पातेल्याचे पाणी सतराच्या वर गेले तर आणखी एक खडा टाकायचा. ग्लासही त्याच पाण्यात बुडवून, पुसून घ्यायचे. बाटल्यांवर नावे लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या भिजून पाण्यात सुटल्यामुळे दोन बाटल्या ओळखू येईनाशा झाल्या. तेव्हापासून बुचांवर पक्क्या मार्करने अक्षरे लिहितो.

एकोणीस अंशांवरची ब्लॅक लेबल त्याच संध्याकाळी पाहिली. मधामागे भाजलेल्या धान्याचा आणि सुक्या मनुकांचा वास होता, आणि ग्लासात काहीही मिसळलेले नव्हते. वहिनींच्या मताला इथे पहिला ठोस आधार मिळाला.

१२ एप्रिल

पाणी कोणते घ्यावे. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे, म्हणजे पावसाचे साठवलेले पाणी आहे. त्यात क्षार कमी असतात. आमच्या नळाच्या पाण्याचे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शंभराच्या खाली निघाले. त्यामुळे मऊपणाची अडचण नाही, अडचण आहे ती क्लोरिनची. व्हिस्कीत पाचव्या हिश्शापर्यंत नळाचे थेट पाणी घातले तर ते कोणाला ओळखता आले नाही, पण निम्म्याला निम्मे घातल्यावर तिघांनी तो ग्लास वासावरून अचूक बाजूला काढला. तेच पाणी उकळून, पातेल्यावर नुसते जाळीचे झाकण ठेवून रात्रभर राहू दिले, तर तो वास गेला. फिल्टरचे पाणीही तसेच स्वच्छ निघाले. बाटलीबंद पाण्यांपैकी जास्त क्षारांचे एक घेऊन पाहिले, तर अबुनाची गोडी बोथट होऊन जिभेच्या कडांवर खारट चव राहिली. यापुढे फक्त उकळून निवलेले पाणी वापरायचे ठरले. स्कॉच स्कॉटलंडच्या झऱ्याच्याच पाण्याबरोबर घ्यावी असा आग्रह कोणी धरला तरी तिथलेही सगळे पाणी मऊ नसते. ग्लेनमोरँजीला पाणी पुरवणारे टार्लोगीचे झरे कठीण पाण्याचे आहेत.

१८ एप्रिल

सगळ्यात जास्त मोलाची बैठक. पंधरा मिलिलिटर व्हिस्की, एकोणीस-वीस अंशांवर, आणि सिरिंजने पाणी.

अबुनापासून सुरुवात केली. पहिले एक मिलिलिटर पाणी ग्लासाच्या कडेने सोडले आणि तो उजेडासमोर धरला, तर तपकिरी द्रवात पारदर्शक, तेलकट दिसणारे धागे वळत खाली जाताना दिसले. पाणी आणि मद्यार्क एकजीव होताना त्यांची घनता जागोजागी वेगळी असते आणि प्रकाश तिथून वाकून जातो, म्हणून ते दिसतात. ग्लास हलकेच फिरवला की नाहीसे होतात. एकजीव होताना थोडी उष्णताही निघते. त्याच तापमानाचे पाणी घालूनही थर्मामीटर किंचित वर चढला, म्हणून पाणी व्हिस्कीपेक्षा दोन-तीन अंश गार ठेवणे बरे.

एका मिलिलिटरने काही फरक पडला नाही. तीनवर ताकद पन्नास टक्क्यांवर आली आणि चटका कमी झाला. पाचवर, म्हणजे हिशेबाने पंचेचाळीस टक्क्यांवर, ग्लास खुलला. सुक्या अंजिरासारखी गोडी, संत्र्याची साल आणि लवंग इतकी स्पष्ट झाली की काकांनीही सोड्याचा विषय काढला नाही. साडेसातवर, चाळीस टक्क्यांना, तो अधिक सोपा झाला पण अंजीर मागे गेले. पंधरावर, म्हणजे तीस टक्क्यांना, लाकडाचा कडवटपणा तेवढा वर राहिला.

स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाचे ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल मांडून जे दाखवले ते आमच्या निरीक्षणाला धरून आहे. व्हिस्कीच्या धुरकट वासाला कारण असणाऱ्या ग्वायाकोल या रेणूभोवती ५९ टक्क्यांच्या वर मद्यार्काचे कडे बसते आणि तो द्रवाच्या आत राहतो. ४५ टक्क्यांपर्यंत ताकद उतरली की तो पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे जिथे नाक असते तिथे. आमचा पाच मिलिलिटरचा आकडा त्यांचा निबंध वाचण्याआधी निघाला होता. मात्र अबुना ही शेरीच्या पिंपातली व्हिस्की असल्यामुळे तिच्यातले बाकीचे वासही तसेच वागतात असे मी यावरून म्हणणार नाही.

आर्डबेगला तीन मिलिलिटर पुरले. त्याने ती अडतीस टक्क्यांवर येते, राखेचा कोरडा धूर जरा मागे सरतो आणि लिंबाची साल व समुद्राचा खारेपणा पुढे येतो. पाच मिलिलिटरने धूर आणि लिंबू दोन्ही पातळ झाले.

ब्लॅक लेबलबाबत मतभेद राहिला. मला आणि मेहुण्यांना एक ते तीन मिलिलिटरपर्यंत ती अधिक मोकळी वाटली. वहिनींना थंड केलेली आणि काही न घातलेलीच आवडली. पाचच्या पुढे ती कोणालाच आवडली नाही.

१९ एप्रिल

कालची बैठक उघड्या ग्लासांची होती आणि पातळ झालेली व्हिस्की रंगावरून ओळखू येते, म्हणून आज ग्लासांना बाहेरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आणि वर पुठ्ठ्याची चकती ठेवली. ओतण्याचे काम माझ्या पत्नीकडे होते; ती पीत नसल्यामुळे आणि ग्लास दुसऱ्या खोलीत भरत असल्यामुळे तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळण्यासारखे नव्हते. प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचे.

एका मिलिलिटरचा फरक कोणालाच सातत्याने ओळखता आला नाही. स्कॉचमध्ये पाण्याचे ‘दोन थेंब’ टाकण्याची जी पद्धत आहे तिचा ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीवर काही परिणाम होतो असे आम्हाला आढळले नाही. हिशेबही तेच सांगतो, कारण एक पूर्ण मिलिलिटर घातले तरी पंधरा मिलिलिटरची ताकद ४०.१ वर येते, आणि थेंब तर त्याहून कितीतरी लहान. तीन मिलिलिटरचा फरक सगळ्यांनी ओळखला. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासात, २०२३ मध्ये, साधारण वीस टक्के पाण्यापर्यंत व्हिस्की आपला वेगळेपणा राखतात आणि पुढे एकमेकींसारख्या वाटू लागतात असे दिसले होते. पंधराला तीन मिलिलिटर म्हणजे मिश्रणाचा सहावा हिस्सा, त्यामुळे आम्ही त्या मर्यादेच्या आतच आहोत.

स्कॉटलंडमधले ब्लेंडर, म्हणजे व्हिस्कींची मिश्रणे जुळवणारे, नमुन्यांतला मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास येईल इतके ते पातळ करून हुंगतात, मग आपण तसे का करू नये, असे मेहुण्यांनी विचारले. ते त्यांचे काम वेगळे असल्यामुळे. दिवसभरात शेकडो पिंपांतले दोष शोधायचे असतात, आणि मद्यार्काने नाक बधिर होऊ न देता दोष उघडे पाडायला ती ताकद सोयीची असते. त्यांना ते घोट घोट प्यायचे नसते.

२५ एप्रिल

बर्फ. आज पाहायचे ते एवढेच की ग्लासात टाकलेला बर्फ नेमके किती पाणी घालतो.

साठ मिलिलिटर ब्लॅक लेबल, ३१ अंशांची, नेहमीच्या जाड बुडाच्या ग्लासात, आणि फ्रीझरमधले साठ ग्रॅम वजनाचे बर्फाचे तुकडे. दहा मिनिटांनी उरलेला बर्फ चिमट्याने काढून, टिपून वजन केले : तीस ग्रॅमच्या आसपास वितळला होता. म्हणजे ताकद साडेअठ्ठावीस टक्क्यांवर उतरली. वीस मिनिटांनी ती सव्वीसच्याही खाली होती. तापमान दोन-तीन अंश. १८ एप्रिलला ज्या प्रमाणापुढे, म्हणजे पंधराला पाच मिलिलिटर, ब्लॅक लेबल कोणालाच आवडली नव्हती, त्याच्या दीडपट पाणी बर्फाने दहा मिनिटांत घातले, आणि थंडीमुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

कागदावर हिशेब केल्यावर हे असेच होणार हे स्पष्ट झाले. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता घेतो, आणि बर्फाची थंड करण्याची जवळजवळ सगळी क्षमता त्या वितळण्यातच असते. साठ मिलिलिटर व्हिस्की ३१ अंशांवरून पाचवर आणायला पंधरा ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळावाच लागतो. अडीचशे ग्रॅमचा गरम ग्लास थंड व्हायला आणखी दहा-एक ग्रॅम खातो. उरलेले हवेच्या उकाड्याचे. तेव्हा थंड हवी पण पाणी नको, अशी मागणी बर्फाकडून पुरी होण्यासारखी नाही. बर्फ घालणे म्हणजे पाणी घालणेच. फक्त किती घातले जाते ते आपल्या हातात राहत नाही आणि ग्लास संपेपर्यंत वाढत जाते.

ग्लास आधी फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवला आणि व्हिस्की वीस अंशांची घेतली, तर तेवढ्याच वेळात वितळलेला बर्फ निम्म्यावर आला. बर्फ सोडायचा नसेल तर निदान हे करावे.

चवीबद्दल : दोन-तीन अंशांवर धूर आणि मध दोन्ही जवळजवळ गेले, कडवटपणा राहिला. थंडीत सुगंधी द्रव्यांची वाफ कमी होते आणि जिभेला गोडीही कमी कळते.

२६ एप्रिल

बर्फाच्या वासाचा शोध. काल मेहुण्यांनी ग्लासात ‘काहीतरी समुद्राचे’ लागते असे म्हटले होते, आणि ती आर्डबेग नव्हती. ट्रेमधला बर्फ वाटीत वितळवून, पाणी कोमट करून हुंगले : सुक्या बोंबलांचा वास स्वच्छ येत होता. फ्रीझरमध्ये ट्रेच्या शेजारी बोंबील प्लॅस्टिकच्या पिशवीत होते, आणि पलीकडे खवलेले खोबरे. पिशवी दिसायला बंद होती. बोंबील काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत हलवले, ट्रे गरम पाण्याने धुतला, नवा बर्फ झाकणाच्या डब्यात केला आणि तो वास गेला. बर्फ जुना होऊ देऊ नये. आठवड्याहून शिळा बर्फ पातेल्याच्या पाण्यासाठी ठेवावा.

बाजारातून बर्फ आणण्याचाही विचार झाला. मासळी आणि इतर मालासाठीचा न खाण्याचा बर्फ निळसर रंगवण्याचा नियम आहे आणि खाण्याचा बर्फ बिनरंगी असतो, त्यामुळे ओळखायला सोपे आहे. पण लादी पोत्यात गुंडाळून येते आणि कापणाऱ्याचे हत्यार कुठून कुठे फिरते ते कळत नाही. तो मार्ग सोडला.

२ मे

मोठा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ केला तर तो हळू वितळतो असे ऐकून होतो. पाणी दोनदा उकळून गोठवले की बर्फ पारदर्शक होतो, हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय आधी केला. मधला पांढरा गाभा तसाच राहिला. ट्रेमध्ये पाणी सगळ्या बाजूंनी गोठत आत जाते, विरघळलेली हवा शेवटी मध्यभागी अडकते, आणि उकळल्याने ती पुरेशी निघत नाही.

मग अमेरिकेतील लेखक कॅम्पर इंग्लिश यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत घेतली. भांड्याच्या बाजू आणि तळ उष्णतारोधक ठेवायचे आणि वरचे तोंड उघडे. पाणी वरून खाली गोठत जाते आणि हवा तळाकडे ढकलली जाते. त्यासाठी पोळ्यांचा जुना कॅसरोल झाकण काढून फ्रीझरमध्ये ठेवला. पहिल्या वेळी तो दीड दिवसाहून अधिक राहिला आणि तळापर्यंत गोठला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, त्या दाबाने आतले स्टीलचे भांडे तळाशी फुगून बाहेरच्या प्लॅस्टिकला तडा गेला. कॅसरोल निकामी झाला.

३ मे

दुसरा कॅसरोल, वीस तासांनी बाहेर. वर चार-पाच बोटे जाडीचा स्वच्छ बर्फ, खाली अजून पाणी. उपडा करून पाणी सोडून दिले, पंधरा मिनिटे ओट्यावर राहू दिले आणि दातेरी सुरीने खाच पाडून लाटण्याने एकेक ठोका दिला. खाचेवर सरळ फुटतो. ओट्यावर न थांबता लगेच ठोकला तर त्याच्या वेड्यावाकड्या चिंध्या होतात. अगदी थंड तुकड्यावर व्हिस्की ओतली तरी तो तडकतो, म्हणून तुकड्याच्या अंगावर ओलसर चकाकी आल्यावरच ग्लासात घालावा.

सत्तर ग्रॅमचा एक तुकडा, थंड ग्लास, वीस अंशांची साठ मिलिलिटर ब्लॅक लेबल : दहा मिनिटांत बारा ग्रॅमच्या आसपास वितळला. पारदर्शकपणामुळे फारसे नव्हे, तर एका मोठ्या तुकड्याला लहान तुकड्यांपेक्षा पृष्ठभाग कमी असतो म्हणून. तेवढाच मोठा पण पांढरट तुकडा घेतला तेव्हाही फरक मामुली होता. तेव्हा वेळ कमी असेल त्यांनी कॅसरोलच्या मागे न लागता वाटीत बर्फ करावा. वजन तेवढेच आणि झाकण घट्ट असले म्हणजे झाले.

९ मे

व्हिस्कीसाठी मिळणारे दगडाचे चौकोन आणून पाहिले. तीन दगड, रात्रभर फ्रीझरमध्ये, साठ मिलिलिटर व्हिस्कीत : तापमान आठ-नऊ अंशांनी उतरून थांबले. दगड वितळत नाही, त्यामुळे वितळण्यात जाणारी उष्णता तो घेऊच शकत नाही. ३१ अंशांच्या व्हिस्कीला बाविसावर आणायला तो पुरेसा आहे, आणि मुंबईत ही गोष्ट कामाची आहे, पण पातेल्यातली पद्धत तेच काम फुकट करते आणि दगड दाताला लागत नाहीत.

१० मे

आर्डबेगच्या ग्लासात बर्फ टाकल्यावर द्रव गढूळ झाला आणि काकांना बाटली बनावट असल्याची शंका आली. ती शंका दूर करणे आवश्यक होते, कारण खरी बाब नेमकी उलट आहे. व्हिस्कीत लांब साखळीच्या मेदाम्लांची एस्टर नावाची संयुगे असतात; मद्यार्क कमी झाला किंवा द्रव थंड झाला की ती विरघळलेली राहत नाहीत आणि धुके दिसते. पुष्कळ कंपन्या व्हिस्की आधीच शून्य अंशाजवळ नेऊन गाळतात आणि ती एस्टर काढून टाकतात, म्हणून ब्लॅक लेबल बर्फातही नितळ राहते. आर्डबेग अशी गाळलेली नसते आणि म्हणूनच ४६ टक्क्यांवर भरलेली असते. तोच ग्लास हातात धरून वीस अंशांपर्यंत येऊ दिला, तर गढूळपणा बराचसा निवळला. अशा व्हिस्कीत बर्फ घातल्यास काही बिघडत नाही, पण ज्या द्रव्यांसाठी तिचे जास्त पैसे मोजले तीच आपण द्रवातून बाहेर काढतो.

१६ मे

सोडा. काकांच्या आग्रहाखातर आणि थोडक्यात. सोड्यात पाणी तर असतेच, शिवाय कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वास वर आणतात आणि कार्बोनिक आम्लाची तिखट झणझणी जिभेवर राहते. ब्लॅक लेबलला एकास दोन प्रमाणात, सोडा फ्रिजमधला कडकडीत थंड घेऊन आणि बर्फ न घालता, हे पेय चौघांनाही आवडले. त्यात धूर टिकतो. अबुनाचे मात्र सोड्यात वाटोळे झाले. चखण्याचा परिणामही इथेच कळला : मसाला शेंगदाण्यानंतर पाण्याचा ग्लास आणि सोड्याचा ग्लास यांतला फरकच लागेना. चाचणीच्या दिवशी साधे चुरमुरे ठेवावेत.

१७ मे

आता घरी चालू झालेली व्यवस्था. बसण्याआधी वीस मिनिटे पातेल्यात पाणी आणि शिळा बर्फ. त्यात काढून ठेवलेल्या व्हिस्कीच्या छोट्या बाटल्या आणि पाण्याचीही एक. व्हिस्की अठरा ते वीस अंशांवर ओतायची. साठच्या पेगला हिशेब असा : अबुनाला वीस मिलिलिटर पाणी, आर्डबेगला बारा, ब्लॅक लेबलला शून्यापासून बारापर्यंत ज्याच्या त्याच्या पसंतीने. सिरिंजऐवजी आता खुणा केलेली औषधाची छोटी मापे वापरतो, कारण पाहुण्यांसमोर सिरिंज बरी दिसत नाही असे वहिनींचे म्हणणे पडले आणि ते मान्य आहे. मेहुणे ब्लॅक लेबलमध्ये अजूनही बर्फ घेतात, पण थंड ग्लासात सत्तर ग्रॅमचा एकच तुकडा, आणि पेग पंधरा मिनिटांत संपवायचा असे त्यांनी स्वतःच ठरवले आहे. त्यापुढे वितळलेले पाणी व्हिस्कीवर मात करते हे त्यांनी वजनकाट्यावर पाहिले आहे. काका बर्फ सोडून थंड सोड्यावर आले.

खर्च : थर्मामीटर चारशे, वजनकाटा घरात होता, सिरिंजा आणि मापे मिळून शंभराच्या आत, दगड सातशे, ट्युलिप ग्लास चार मिळून बाराशे, फुटलेल्या कॅसरोलचे नऊशे. यांतले दगड आणि दोन्ही कॅसरोल वगळले असते तरी निष्कर्ष तेच निघाले असते. ग्लासांचा खर्च मात्र वाचवू नये. रुंद तोंडाच्या ग्लासात १८ एप्रिलची बैठक पुन्हा घेऊन पाहिली, तेव्हा तीन आणि पाच मिलिलिटरमधला फरक चौघांपैकी एकालाही सांगता आला नाही.